बाजू बदलायची राहिली

आमच्या जीपमध्ये जागा मिळाली की तिच्याबरोबर मतही मिळायचं. मधल्या सीटवर बसलात तर तुमचं उत्तर ‘होय’, मागच्या आडव्या बाकांवर बसलात तर ‘नाही’. प्रश्न काय आहे ते नंतर कळायचं. ही पद्धत पाडणारे आमच्या ज्युनियर कॉलेजातले तर्कशास्त्राचे सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे, पण एक गुडघा सीटवर दुमडून, तोंड आमच्याकडे करून. त्यामुळे रस्ता कायम त्यांच्या पाठीमागे असायचा. मी भिंगारला चढायची. जीप पाथर्डीच्या रस्त्याला नीट लागली की सर मफलर सैल करायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, “समजा...”

त्यांना सगळे समजा सर म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं.

नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी मी मागच्या बाकावर सापडले. प्रश्न असा होता, समजा, तुमच्या शेळीनं शेजाऱ्याची ज्वारी खाल्ली, शेजाऱ्यानं पाहिलं नाही, तर आपण होऊन सांगायचं का? मी ज्या घरात वाढले तिथे ‘खरं बोलावं’ एवढं सांगून विषय संपायचा. वडील लष्करी छावणीच्या कचेरीत कारकून. त्यांनी आयुष्यात एकदाही ‘समजा’ म्हटलेलं मला आठवत नाही. मी ताडकन म्हणाले, “सांगायचं. त्यात विचारायचं काय?”

“मॅडम, तुम्ही मागे बसलाय,” सर म्हणाले.

“पण माझं मत...”

“ते असू द्या की. ते संध्याकाळी घरी घेऊन जा. इथं सीटचं मत चालतं.”

मला असा राग आला की विचारू नका. मग रागारागात मी शेळीची बाजू घेतली. मुक्या जनावराला बांध कळत नाही, शेजाऱ्याला कळलं तर भांडण, भांडणातून बोलणं बंद, दोन्ही घरच्या बायका विहिरीवर तोंडं फिरवणार, एवढ्या सगळ्यापेक्षा मूठभर ज्वारी गेलेली बरी, असं मी इतकं घोळवून सांगितलं की मागचे प्रवासी ‘बरोबर हाय, बरोबर हाय’ म्हणायला लागले. मला स्वतःलाही पटायला लागलं. तेवढ्यात करंजीचा घाट लागला. सरांनी टाळी वाजवली आणि ओरडले, “बाजू बदला!”

हा दुसरा नियम. घाट लागला की माणसं जागच्या जागीच राहायची, मतं बदलायची. घाटाअलीकडे शेळीची वकिली केलेली मी घाटापलीकडे शेजाऱ्याच्या वतीनं तावातावानं भांडत होते, आणि लाज म्हणजे तेही मला पटत होतं. कॉलेजात पोचले तेव्हा डोकं भणभणत होतं. भूगोलाच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर वाऱ्यांचे बाण उलटे काढले. मुली हसल्या. एक म्हणाली, “मॅडम, समजा सरांच्या गाडीनं आलात ना?”

“अर्धा वाद ऐकलेल्या माणसानं उंबऱ्याबाहेर पडू नये,” हे सरांचं आवडतं वाक्य. वर्गात, जीपमध्ये, स्टाफरूममध्ये, कुठेही. त्यांचं स्वतःचं मत मात्र कोणालाच कधी कळलं नाही. मी एकदा खनपटीलाच बसले. म्हटलं, सर, ते शेळीचं जाऊ द्या, पण तुम्ही काय केलं असतंत? ते म्हणाले, “मॅडम, मी पुढे बसलोय. पुढच्या सीटला मत नसतं.” आमचा ड्रायव्हर पोपट फस्सकन हसला. पोपट स्वतः वादात पडायचा नाही. वाटेत कोणी हात केला आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसली की सर लगेच सुरू व्हायचे, समजा हा म्हातारा दवाखान्यात निघालाय, समजा घरी कोणी वाट बघतंय. पोपट म्हणायचा, “सर, समजत बसलो तर गाडी तिसगावलाच ऱ्हाईल. उतरा तुमी, बसवतो त्याला.” मग सर खरंच उतरायला निघायचे आणि आम्ही त्यांचा मफलर धरून त्यांना आत ओढायचो.

ह्या माणसाचं संसारात कसं चालत असेल असं मला वाटायचं. एकदा नगरच्या त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. वहिनी म्हणाल्या, “ह्यांना वांगं करू की गवार असं विचारायची मी सोय ठेवलेली नाही. दोन्ही भाज्यांची बाजू ऐकेपर्यंत पोरं उपाशी झोपायची.” म्हणताना त्या हसत होत्या, पण फार हसत नव्हत्या.

एका परीक्षेच्या वेळी शेजारच्या वर्गावर सर पर्यवेक्षक होते. एका मुलीच्या ओढणीखाली चिठ्ठी आहे हे त्यांनी पाहिलं आणि ते तिच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. उभेच राहिले. धरावं तर पोरीचं वर्ष जातं, सोडावं तर बाकीच्यांवर अन्याय होतो. मी दारातून बघत होते. हाताची घडी, नजर छताला, ओठ हलतायत. ती मुलगी घामानं भिजून गेली. चिठ्ठी काढायची तिची हिंमत होईना आणि न काढता काही लिहिता येईना. घंटा झाली तेव्हा सर आणि ती दोघंही तिथेच होती, आणि दोघांचाही कागद कोरा. नंतर त्यांनी तिला बाहेर गाठून अगदी मनापासून विचारलं, “तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस गं?” ती म्हणाली, “सर, मी लवकर काय ते केलं असतं.” हे वाक्य त्यांच्या फार मनाला लागलं. पुढे कितीतरी दिवस ते जीपमध्ये ते वाक्य स्वतःशी म्हणायचे.

मला हा माणूस आवडायचा की नाही, हे तेव्हाही ठरवता यायचं नाही. कधी वाटायचं, केवढा विचार करतो. कधी वाटायचं, विचाराच्या नावाखाली अंग चोरतो. दोन्ही एकाच दिवशी वाटायचं.

आता त्या दिवसाबद्दल सांगते. शिमगा जवळ आला होता. त्या दिवशी मी मागे होते आणि मधल्या सीटवर तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. सिस्टर म्हणजे आमच्या जीपचं मोठं भांडवल. आवाज खणखणीत, हात भारी, जीभ त्याहून भारी. “मी दिवसभर खोटंच बोलते बाई,” असं त्या उघड म्हणायच्या. “काही दुखणार नाही म्हणते आणि सुई घालते. तेवढ्यावरच तर माणसं बरी होतात.”

सर म्हणाले, “समजा, एक म्हातारी आहे. तिला काही ध्यानात राहत नाही. तिचा धाकटा मुलगा दिवाळीत वारला. तिला सांगितलं, ती रडली, झोपून उठली, आणि पुन्हा विचारायला लागली, बारका कुठंय. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढंच रडली. मग घरातल्या कोणीतरी सांगून टाकलं की तो उसाच्या हंगामाला गेलाय. पोरगा कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे तिला ते पटलं. आता ती रोज विचारते आणि रोज तेच सांगतात. तर तिला खरं सांगायचं का?”

मधल्या सीटचं उत्तर होय. सिस्टरांनी पदर खोचला. “सांगायचं म्हणजे सांगायचं! तिचं पोर गेलंय. ते दुःख तिचं आहे, तिच्या पोटातून आलेलं. ते तिच्यापासून लपवून ठेवणारे आपण कोण? म्हातारी झाली म्हणून काय तिला बाहुली समजायची? जन्म दिला तिनं, तिला रडायचाही हक्क नाही?”

मी मागून काहीतरी बोलले. रोज नवं मरण कशाला दाखवायचं, असं काहीतरी. पण सिस्टरांच्या बोलण्यापुढे ते फिकं पडलं हे मलाच कळत होतं. मी मनात म्हटलं, थांबा, घाट येऊ द्या.

घाट आलाच नाही. अलीकडेच वाहनांची रांग लागली होती. वळणावर उसाचा ट्रक उलटला होता. माणसाला काही झालं नव्हतं, पण सगळा रस्ता उसानं भरला होता. लोक उतरले. थोड्या वेळात प्रत्येकाच्या हातात उसाचं कांडकं दिसायला लागलं, आमच्या सिस्टरांच्यासुद्धा. दुपारपर्यंत आम्ही तिथेच होतो. वाद पुन्हा निघाला नाही. सर एकटेच उसाच्या ढिगाशी उभे होते.

त्याच आठवड्यात त्यांनी मला आणि सिस्टरांना बाजूला घेतलं. “रविवारी माझ्या गावाला याल का? सिस्टर, तुमचं ते बीपीचं मशीन घेऊन या. आणि मॅडम, तुम्हीही या. मागच्या बाकावरचं कोणीतरी पाहिजे.”

रविवारी पोपटच्याच जीपमधून आम्ही निघालो. तेव्हा पहिल्यांदाच सर सरळ, रस्त्याकडे तोंड करून बसले होते, आणि तसंच समोर बघत त्यांनी सांगितलं की ती म्हातारी म्हणजे त्यांची आई.

ह्या माणसाचा सख्खा भाऊ दिवाळीत गेला, सुट्टी संपल्यावर हा रोज आमच्याबरोबर येत होता, शेळ्यामेंढ्यांचे प्रश्न घालत होता, आणि आम्हाला पत्ता नाही.

“आईचं एक आहे,” सर म्हणाले, “पण माझ्या डोक्यात खरी टोचणी सुनंदाची आहे. भावाची बायको. आई तिचं कपाळ बघते ना, म्हणून तिला रोज कुंकू लावून तिच्यासमोर जावं लागतं. नवरा जाऊन इतके महिने झाले, आणि आम्ही तिला रोज सवाशणीचं सोंग घ्यायला लावतो. बोलत नाही बिचारी. पण किती दिवस? आता ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागल्यात. आई विचारणार, सगळे आले, बारका कुठंय. त्यापेक्षा आज सांगून टाकतो. सुटेल ती पोरगी.”

“पण सर,” मी म्हटलं, “त्या दिवशी बाजू बदलायची राहिली होती.”

“माहितीये.”

“मग?”

सिस्टर पुढे वाकल्या. “अहो सर, मी मधल्या सीटवर होते म्हणून तसं बोलले! मागे असते तर उलटं बोलले असते. माझ्या बोलण्यावर काय जाताय?”

सरांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी गोंधळलेला होता. “पण सिस्टर,” ते म्हणाले, “ते खरं होतं ना?”

सिस्टर मांडीवरच्या मशीनची नळी गुंडाळायला लागल्या.

घर पत्र्याचं, पुढे ओटा, दारात लिंबाचं झाड. झाडाखाली बाजेवर म्हातारी बसली होती. एवढीशी, स्वच्छ, डोळे लुकलुकणारे. सरांना तिनं ओळखलं, आम्हाला पाहुण्या समजून बसा म्हणाली. सुनंदा पाणी घेऊन आली. थोरले दीर समोर म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, तरी त्याखालचं ठसठशीत कुंकू दिसत होतं. वय तिशीच्या आतलंच. शेजारच्या दोघीतिघी बायका पाहुणे कोण आलेत बघायला ओट्यावर येऊन टेकल्या. त्यांतली एक मला हळूच म्हणाली, “म्हातारीसाठी लावाया लागतं हो तिला. काय करनार!” आवाजात कीव होती, आणि थोडी परवानगी दिल्यासारखंही होतं.

सिस्टरांनी म्हातारीचं बीपी पाहिलं, ठीक आहे अशी मान हलवली. सर बाजेवर आईशेजारी बसले.

“बारका आला का रं?” म्हातारीनंच विचारलं. “ट्रॅक्टरचा आवाज झाला मगा.”

“आई,” सर म्हणाले, “बारका न्हाई येनार. त्यो वारला. दिवाळीत. छातीत कळ आली त्याच्या.”

म्हातारी रडली नाही. तिनं मान वळवून सुनेकडे पाहिलं आणि मग सरांकडे. “खोटं बोलतुस,” ती म्हणाली. “हिचं कपाळ बघ की. कुंकू हाय का न्हाई? मग?”

सर तर्कशास्त्र शिकवायचे. इतकी वर्षं शिकवायचे. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आईनं समोर पुरावा ठेवला होता.

ओट्यावरची तीच बाई म्हणाली, “सुनंदे, पूस आता. भाऊजींनीच सांगितलंय तर आता कशाला?”

सुनंदानं सरांकडे पाहिलं. पदराआडून का होईना, सरळ पाहिलं. सर खाली मान घालून बसले होते. मग तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. कुंकू सगळं गेलं नाही, लाल ओघळ राहिला. म्हातारीनं ते पाहिलं आणि तेव्हा मात्र ती जी ओरडली ते मी सांगू शकत नाही. सिस्टरांनी तिला कवेत धरलं. दवाखान्यात माणसं जाताना बघणारी बाई, पण तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

बऱ्याच वेळानं म्हातारी थकून झोपली. मी तोंडावर पाणी मारायला घरामागे गेले. पाण्याच्या ड्रमाशी सुनंदा उभी होती. सरही तिथे आले. त्यांना तिला काहीतरी चांगलं सांगायचं होतं, हे त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

“सुनंदा,” ते म्हणाले, “आता तुला रोजचं ते करायला नको. सुटलीस तू.”

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, “भाऊजी, मला इचारलं का तुमी?”

“काय विचारायचं?”

“आत्याला हंगामाचं कुनी सांगितलं हुतं? मीच सांगितलं. तुमाला वाटलं म्हातारीसाठी. गावालाबी तेच वाटलं.” तिचा आवाज अगदी शांत होता. “मला कुंकू लावावं वाटतंय, भाऊजी. ते गेले म्हनून माझं कपाळ गेलं का? लहानपनापासनं लावतेय मी. पर तसं म्हनले असते तर ह्याच बाया दारात उभ्या ऱ्हाऊ देत न्हवत्या. आत्यासाठी लावते म्हनलं की सगळ्या गप. एवढं एकच कारन हुतं माझ्याकडं. आज तुमी खरं बोलला आन् ते काडून घेतलं.”

मी ओल्या तोंडानं तशीच उभी होते. मला वाटलं, आम्ही ह्या प्रश्नावर एवढं बोललो, मधल्या सीटचे, मागचे, सगळे. ही पोरगी कोणाच्याच बोलण्यात नव्हती. सरांनाही ती फक्त सोडवायची गोष्ट वाटत होती. आणि तरी सरांचं चुकलं असं मला तेव्हा म्हणवेना, कारण आईला तिच्या लेकाचं मरण कळायला नको होतं का? डोकं चालेनासं झालं. सरांकडे बघवत नव्हतं. ते ड्रमाच्या काठाला धरून उभे होते आणि ‘समजा’ म्हणायला जावं तसे त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हातारी जागी झाली. आम्ही निघायच्या बेतात होतो. ओट्यावरच्या बायका अजून बसलेल्या होत्या, उलट दोन वाढल्या होत्या. म्हातारीनं डोळे चोळले, आमच्याकडे पाहून पुन्हा ‘बसा’ म्हणाली, आणि सरांना विचारलं, “बारका आला का रं?”

सिस्टर माझा दंड धरून होत्या.

“न्हाई, आई,” सर म्हणाले. एवढ्या मोठ्यानं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. आई तर शेजारीच बसलेली होती. “यंदा ऊस लई हाय. हंगाम लांबलाय. येईल त्यो.”

“लांबू दे,” म्हातारी म्हणाली. मग तिची नजर सुनंदावर गेली. “आन् हिचं कपाळ मोकळं का?”

“तोंड धुतलं तिनं आत्ताच,” सर तितक्याच मोठ्यानं म्हणाले. “लाव गं सुनंदा कुंकू. आई बघतीय.”

ओट्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ती मघाची बाई काहीतरी बोलायला गेली. सर उठून उभे राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले, आणि ती गप्प बसली.

सरांनी बरोबर केलं का? मला आजही सांगता येणार नाही. ती नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली. आता माझं शिर्डीकडे शाळेत चाललंय, आणि एखाद्या दुपारी वर्ग शांत असला की हे सगळं पुन्हा डोक्यात येतं. एकाच दिवशी त्या माणसानं आईला सगळ्यात मोठं खरं सांगितलं आणि सगळ्यात मोठं खोटंही. दोन्ही वेळा मला रडू आलं होतं.

सुनंदा आतून कुंकवाचा करंडा घेऊन दारात आली, उजेडाला. आरसा धरायला जाऊ, नणंद असं त्या घरात कोणी नव्हतं. मग सर आत गेले, भिंतीवर खिळ्याला टांगलेला आरसा काढून आणला आणि तिच्यासमोर धरला. थोरल्या दिरानं बघू नये म्हणून मान पार उलट्या बाजूला वळवलेली. न बघता धरल्यामुळे आरसा सारखा भलतीकडेच वळत होता. तेव्हा तिनं डाव्या हातानं आरशाची दुसरी कड घट्ट धरली आणि उजव्या हाताचं बोट कपाळाला टेकवलं.